गॅरेजमध्ये दिवा आहे, पण उजेड कुठे आहे?

गॅरेजमधल्या दिव्यांबद्दल डॉक्टरनं का लिहावं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. घराचं काम निघालं की हॉलमधल्या दिव्यांवर आपण आठवडाभर चर्चा करतो. गॅरेजची वेळ आली की वायरमनला सांगतो, "काढा की मधोमध एक पॉइंट." त्या एका पॉइंटचे परिणाम पुढे माझ्यासारख्यांच्या दवाखान्यात दिसतात, म्हणून हा लेख.

माझे एक जुने पेशंट आहेत, सत्तरी ओलांडलेले. रात्री गाडी लावून उतरले आणि गाडी व भिंत यांच्यामधल्या दोन फुटांच्या बोळातून घराकडे निघाले. गाडी धुवायचा पाइप तिथे पडलेला होता. त्यात पाय अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग वॉकर आला, आणि रोज सकाळी तीन किलोमीटर चालणारा माणूस कित्येक महिने घरात अडकला. "दिवा लावलेला होता हो डॉक्टर," असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. दिवा खरोखरच लावलेला होता. छताच्या मधोमध असल्यामुळे गाडीच्या टपावर त्याचा लख्ख उजेड पडत होता. पाइप होता तिथे मात्र गाडीची सावली होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं दगावतात, आणि त्यांत ज्येष्ठांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे. औषधाच्या एकाही गोळीशिवाय यातलं बरंच टाळता येतं.

वय वाढतं तसा डोळ्यांना जास्त उजेड लागतो

वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही. आतलं भिंग पिवळसर आणि गढूळ होतं. त्यामुळे विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्यात पोहोचतो. म्हणजे मुलगा म्हणतो "एवढा तर उजेड आहे, बाबा" आणि बाबा म्हणतात "मला दिसत नाही", तेव्हा दोघंही खरंच बोलत असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांना रुळायला वेळ लागतो. पूर्ण रुळायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि वयाबरोबर हा वेळ वाढतो. म्हणून गॅरेज भर दुपारीही धोक्याचं असतं. बाहेर उन्हात सुमारे 1 लाख लक्स उजेड आणि आत मिणमिणता बल्ब, अशा वेळी पहिली काही पावलं तुम्ही जवळजवळ आंधळेपणानं टाकता. त्यात बायफोकल चष्मा असेल तर खाली बघताना जवळचा नंबर आड येतो आणि पायरी धूसर दिसते.

किती उजेड हवा?

दिवे घेताना वॅट बघू नका, खोक्यावरचे ल्युमेन बघा. वॅट म्हणजे वीज किती खाणार आणि ल्युमेन म्हणजे उजेड किती देणार. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन पडला की तो झाला एक लक्स.

तुमचं गॅरेज 10 फूट बाय 18 फूट आहे असं समजू. म्हणजे सुमारे 17 चौरस मीटर. नऊ वॅटचा एलईडी बल्ब साधारण 900 ल्युमेन देतो. त्यातला निम्मा उजेड गाडी, भिंती आणि धुळीत जातो असं धरलं, तर जमिनीवर जेमतेम 25 लक्स उरतात. सुरक्षित वावर आणि किरकोळ दुरुस्ती यांसाठी मी 200 लक्सच्या आसपास सांगेन. त्यासाठी साधारण 2000 ल्युमेनच्या, चार फुटी, 20 वॅटच्या चार एलईडी बॅटन पुरतात. छत आणि भिंती पांढऱ्या रंगवल्या तर त्याच दिव्यांचा उजेड आणखी खुलतो.

दिवे कुठे लावायचे?

गाडीवर नाही, तुम्ही चालता तिथे. दोन बॅटन डाव्या बोळावर, दोन उजव्या बोळावर, भिंतीपासून फूटभर आत. दोन्ही बाजूंनी उजेड आला की गाडीची सावली फिकी पडते. शटर किंवा वर सरकणारा दरवाजा उघडल्यावर कोणता दिवा झाकला जातो, तेही आधी तपासा. कामाचं टेबल असेल तर त्यावरचा दिवा तुमच्या डोक्यामागे नको, थोडा पुढे हवा. नाहीतर तुमचीच सावली तुमच्या हातावर पडते आणि स्क्रू ड्रायव्हर बोटात जातो. कोपरेही उजळू द्या. पावसाळ्यात पोत्यांमागे विंचू किंवा साप असू शकतो, आणि न दिसणाऱ्या जागी हात घालू नये.

दिव्यावर दुधी आवरण असू द्या. उघडा झगझगाट मोतीबिंदू असलेल्यांना जास्त त्रास देतो. रंग 4000 केल्विनच्या आसपासचा घ्या. 6500 केल्विनच्या निळसर पांढऱ्या उजेडात रात्री तासभर बसलात, तर झोप लांबू शकते. हलक्या प्रतीच्या एलईडीचा उजेड सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. अर्धशिशी असलेल्यांचं डोकं त्यानं दुखू शकतं, आणि ग्राइंडरचं फिरतं चाक थांबल्यासारखं भासू शकतं. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये शूटिंग करून बघा, लुकलुक लगेच दिसेल.

बटणं आणि वायरिंग

एक बटण शटरपाशी, दुसरं घराच्या दारापाशी, म्हणजे टू-वे. बटण शोधायला अंधारातून चालावं लागलं, तर दिव्याचा उपयोग काय? घरात जाण्याच्या वाटेवरच्या एका बॅटनला सेन्सर लावा, पण सगळ्यांना नको. बॉनेटखाली स्थिर उभं राहून काम करताना सेन्सर दिवा बंद करतो. ओल्या फरशीवर गाडी धूत असाल तर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. आणि साठीनंतर स्टुलावर चढून दिवा बदलू नका. वायरमनचे पैसे हाडाच्या ऑपरेशनपेक्षा नक्कीच कमी असतात.

आज अंधार पडल्यावर एक करा. गॅरेजचे दिवे लावा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. त्यांना जमिनीवरचा पाइप, पायरीची कड, गटाराची जाळी स्पष्ट दिसते का, ते विचारा. तुम्हाला दिसून उपयोग नाही, त्यांना दिसायला हवं. पुरेसा उजेड करूनही अंधुक दिसत असेल, दिव्याभोवती वलयं दिसत असतील, तर डोळे तपासून घ्या. गाडीतून उठताना चक्कर येत असेल तर बीपी आणि चालू असलेल्या गोळ्या एकदा तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तो दोष कुठल्याही दिव्यानं जाणार नाही.