माती ओढून धरत नाही

लातूर जिल्ह्यातल्या एका गावाच्या उंच पाण्याच्या टाकीचा पाया, हे माझं स्टॅड सॉफ्टवेअरवरचं पहिलं स्वतंत्र काम. वर काळी माती, खाली मुरूम. मुरुमाची धारणक्षमता चौरस मीटरला 15 टन, भूकंपासाठी पाव पट वाढवून 18.75. मी 7 मीटर बाजूचा चौकोनी राफ्ट घेतला, अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या प्लेट पाडल्या आणि 225 नोडखाली मातीच्या जागी स्प्रिंग लावल्या. मॉडेल पहिल्याच झटक्यात चाललं. जास्तीत जास्त दाब 17.1 टन. बसलं! रंगीत नकाशा छापून सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी लाल कडेकडे पाहिलंच नाही. समोरच्या निळ्या कडेवर बोट ठेवलं. तिथे उणे 4.9 होतं.

"हे काय आहे?"

"सर, तिथे दाब कमी आहे."

"कमी नाही, उणे आहे. म्हणजे तुझी माती राफ्टला खाली ओढून धरतेय. माती कधी कुणाला ओढून धरते का?"

मग त्याच कागदाच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलने गणित मांडलं. एकूण वजन 300 टन, भूकंपाचा मोमेंट 630 टन-मीटर. भागाकार 2.1 मीटर; भार मध्यापासून इतका सरकतो. बाजूचा सहावा भाग 1.17 मीटर. भार त्याच्या बाहेर गेला की कड उचलली जाणारच. 7 मीटरपैकी फक्त 4.2 मीटर राफ्ट जमिनीवर टेकलेला राहतो आणि दाब जातो 20.4 टनांवर. म्हणजे माझा पाया नापास. तीन ओळींचं गणित होतं, आणि मला ते परीक्षेपुरतं येतही होतं.

स्प्रिंग फक्त दाब घेतील असं सांगून मॉडेल पुन्हा चालवलं. सॉफ्टवेअर दर फेरीला ताणातल्या स्प्रिंग काढत गेलं आणि पेन्सिलच्या आकड्याजवळ येऊन थांबलं. राफ्ट 9 मीटरचा केला तेव्हा दाब साडेनऊ टनांच्या आसपास आला. त्या संध्याकाळी सर किल्लारीच्या भूकंपाबद्दल बोलले, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेबद्दल. त्याच जिल्ह्यात आपण टाकी उभी करतोय, एवढंच म्हणाले.

पुढे स्लाइपनरबद्दल वाचलं. 1991 च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हांगरजवळ हा समुद्रातला प्रचंड काँक्रीटचा पाया चाचणीतच बुडाला. त्याच्या भिंतींतला शिअर फायनाइट एलिमेंट विश्लेषणात 47 टक्क्यांनी कमी आला होता, कारण तिथली जाळी नीट पाडलेली नव्हती. ते वाचताना मला माझी ती निळी कड दिसत होती.

आता माझ्या हाताखाली नवी मुलं आहेत. त्यांना सांगतो तेच तुम्हालाही सांगतो: राफ्टचं मॉडेल चाललं की लाल रंगाआधी उणे चिन्ह शोधा, आणि पेन्सिलचं गणित फाइलला जोडल्याशिवाय ड्रॉइंग साइटवर पाठवू नका.