किर्ताचा नवस

उगारिट हे नाव आपल्याकडे क्वचितच कानावर येते. सीरियाच्या किनाऱ्यावर, लाताकियाजवळ, रास शमरा नावाची टेकडी आहे. १९२८ साली त्या परिसरात एका शेतकऱ्याच्या नांगराला जुन्या थडग्याचा दगड लागला. दुसऱ्या वर्षी फ्रेंचांनी खोदकाम सुरू केले आणि मातीच्या पाट्या हाती आल्या. अक्षरे खिळ्यांसारखी, पण हर्फ अवघे तीस. वर्ष-दीड वर्षात ती उलगडलीसुद्धा. हे शहर इसवी सनापूर्वी ११८५ च्या सुमारास जळून बेचिराख झाले होते.

या काव्यांकडे मी वळलो तो अरबीमुळे. तिथे स्वर बहुधा लिहीत नाहीत. म-ल-क म्हणजे राजा, क-ल-ब म्हणजे कुत्रा, ब-त म्हणजे घर. लहानपणी अरबी गिरवलेल्याला हे घरचेच वाटते. पण ही ओळख फसवी. शब्द अडला की अरबी कोश उघडायचा, ही खोड मोठमोठ्या अभ्यासकांनाही होती. त्या सागरात शोधणाऱ्याला हवा तो अर्थ मिळतोच!

पाटीचा तुकडा उडालेला असतो तेव्हा आधी रकान्याची रुंदी पाहतात. तिथे किती हर्फ मावतील याचा अंदाज घेतात. खरा आधार मात्र पुनरुक्तीचा. देवाने दिलेला निरोप दूत जसाच्या तसा जाऊन सांगतो. जी आज्ञा होते, तीच पुढे त्याच शब्दांत पाळली जाते. म्हणून एके ठिकाणी तुटलेली ओळ दुसरीकडून उचलता येते. छापील प्रतीत अशी भरलेली अक्षरे चौकटी कंसात असतात. माझ्यासारखा वाचक हळूहळू ते कंस विसरतो.

किर्ता राजाची कथा वाचताना मात्र मी थबकलो. त्याचे सारे कुटुंब नष्ट झाले आहे. एल देव स्वप्नात येऊन सांगतो : सैन्य घे, उदुमवर चालून जा, सोनेचांदी नाकार, राजाची मुलगी हुरिया माग. किर्ता तसेच करतो. ओळींमागून ओळी तशाच येतात. पण तिसऱ्या दिवशी तो वाटेत अथिरत देवीच्या ठाण्यावर थांबतो आणि हुरिया मिळाली तर सोनेचांदी देईन, असा नवस बोलतो. एलने हे सांगितलेले नव्हते. लग्न होते, मुले होतात, नवस तसाच राहतो. देवीला तो आठवतो आणि राजा मरणपंथाला लागतो.

सुदैवाने हा भाग शाबूत राहिला. नेमका हाच तुकडा उडाला असता तर? एखाद्या कसबी माणसाने एलच्या आज्ञेतल्या ओळी आणून तिथे बसवल्या असत्या. मोजमाप जुळले असते, भाषा बिनचूक असती, आणि राजा कुठेही न थांबता उदुमला पोचला असता. पुढे देवी का रागावली, यावर आपण डोके खाजवत बसलो असतो.

तेव्हापासून टिंबे तशीच ठेवणाऱ्या प्रती मला अधिक आवडू लागल्या. अकहतच्या कथेत ही टिंबे फार जड जातात. भावाचा खून झालेला. पुगत ही बहीण आत खंजीर, तलवार बांधते, वरून बायकी वस्त्र नेसते आणि मारेकरी यतपानच्या तळावर जाते. तो दारू पिऊन बढाया मारतो. ती दुसऱ्यांदा प्याला भरते.

तिथे तिसरी पाटी संपते. पुढची सापडलेली नाही.