दोन्ही दिवे एकदम

माझ्या स्कूटरला पुढे, अ‍ॅप्रनमध्येच, दोन दिवे आहेत. समोरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत. डावा डिपरचा, उजवा अप्परचा. डिपरवर डावा एकटा जळतो. अंगठ्याने बटण अप्परवर सरकवलं की डावा विझतो आणि उजवा एकटा जळू लागतो. पुण्यात गाडी चालवताना हे कधी खटकलं नाही. तिथे रस्त्यावर इतका उजेड असतो की आपला दिवा चालू आहे की बंद, हेसुद्धा पुढच्या गाडीच्या पाठीवर पाहून कळतं. खटकलं ते बोपदेव घाटात.

मी सासवडला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि राहते कोंढव्यात. प्रात्यक्षिकं लांबली की निघायला उशीर होतो, आणि दिवाळीनंतर तर हिवरे-चांबळी मागे पडेपर्यंतच अंधारून येतं. सपाटीवर काही अडत नाही. बोपगाव ओलांडून उतार लागला की अडतं. वळणं एकामागोमाग एक, उतार तीव्र, आणि वळणाच्या आतल्या अंगाला पावसाने वाहून आणलेली खडी पावसाळा संपला तरी तशीच पडलेली. डिपरवर ही खडी दिसते, पण वळण पुढे किती आवळत गेलं आहे ते दिसत नाही. अप्परवर कठडा दिसतो, वळणाचा आकार कळतो, पण चाकापुढची आठ-दहा मीटर जमीन काळीठिक्कर. दुचाकीवाल्याला त्या आठ-दहा मीटरमध्येच सगळं जगायचं असतं. मग अंगठा सतत चाळा करत राहतो: खाली, वर, खाली, वर. आणि प्रत्येक वेळी डोळ्यांना नव्या उजेडाशी जुळवून घ्यायला क्षणभर लागतो. तो क्षण वळणावर द्यायची माझी तयारी नव्हती.

उपाय खरं तर गाडीतच होता. समोरून येणाऱ्याला इशारा द्यायला पासचं बटण असतं. डिपर चालू असताना ते दाबलं की दाबून धरलेलं असेतो उजवा दिवाही जळतो, म्हणजे दोन्ही एकदम. एका वळणावर मी ते दाबलं आणि पूर्ण रस्ता समोर उभा राहिला. खडीही होती, कठडाही होता, मधला पांढरा पट्टाही. पण पासचं बटण डाव्या हाताच्या तर्जनीने धरून ठेवावं लागतं, आणि स्कूटरचा मागचा ब्रेक त्याच हातात. घाट उतरताना ते बोट ब्रेकवरच हवं. म्हणजे गाडीला जे करता येतं, ते बोट न अडकवता करून घ्यायचं होतं. माझी मागणी एवढीच होती, आणि ती मी सुरुवातीपासून नेमकी ठेवली: डिपरवर डिपर एकटाच राहील, आणि अप्पर लावल्यावर डिपर विझणार नाही.

हे नेमकेपण महत्त्वाचं आहे, कारण 'दोन्ही दिवे चालू करून द्या' म्हटलं की बहुतेक ठिकाणी दोन्ही वायरी एकत्र पिळून देतात. मला एका गॅरेजमधल्या मुलाने ते पाच मिनिटांत करून देतो म्हणून सांगितलं. त्याची भावना चांगली होती. पण तसं केलं की बटण कुठेही असो, दोन्ही दिवे कायम जळतात, म्हणजे अप्परही कायम जळतो. घाटात समोरून कोण येतं? सीताफळांचे क्रेट घेतलेले टेम्पो, पुण्यातलं काम आटपून घरी परतणारे दुचाकीवाले, कधी कडेने चालणारी माणसं. त्यांच्या डोळ्यांत माझा अप्पर गेला तर त्यांना दरीची कड दिसणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम हेच सांगतो: दिव्यापासून आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे डोळे दिपता कामा नयेत. दीड मीटर म्हणजे समोरच्या दुचाकीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपासचीच उंची. माझ्या सोयीसाठी मी तो उजेड त्याच्यावर टाकणार नव्हते.

वायरी पिळण्यात विजेच्या बाजूनेही खोट आहे. माझे दोन्ही बल्ब ३५ वॅटचे. बारा व्होल्टला एक बल्ब जवळपास तीन अँपिअर ओढतो, दोन मिळून सहाच्या आसपास. हा सगळा प्रवाह हँडलवरच्या त्या इवल्याशा बटणाच्या पत्र्यांतून जाणार, जे एका वेळी एकाच बल्बासाठी केलेले आहेत. पत्रे तापतात, प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग काळं, आणि एके दिवशी घाटाच्या मध्यावर दोन्ही दिवे एकदम जातात. 'दोन्ही एकदम' याचा तोही एक अर्थ आहे आणि तो मला नको होता.

कोंढव्यात एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या दुकानात बोर्ड नाही, गर्दी असते. मी माझी मागणी सांगितली. त्यांनी गाडी स्टँडवर लावली, पुढचं फायबर काढलं, आणि दिव्यांकडे बराच वेळ नुसतं पाहिलं.

"दोन बल्ब, दोन वेगळ्या डब्या," ते म्हणाले. "मग होईल. एका बल्बात दोन तारा असत्या तर मी हात लावला नसता."

हे फार मोलाचं वाक्य होतं. पुष्कळ गाड्यांना एकच बल्ब असतो आणि त्याच्या पोटात डिपर आणि अप्परच्या दोन फिलॅमेंट असतात. त्या दोन्ही एकाच वेळी पेटवल्या तर एकाच काचेत दुप्पट उष्णता कोंडते. बल्ब लवकर जातो, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी करपते. माझ्या गाडीत प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रिफ्लेक्टर, स्वतंत्र कप्पा. उष्णता वाटली जाते.

मग मी पिशवीतून मल्टिमीटर काढला. गाडी चालू करून थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला तेव्हा बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते. डिपरच्या होल्डरवर मोजले, तर १२.२. जवळपास दोन व्होल्ट वाटेत संपत होते: किल्लीच्या स्विचमध्ये, बारीक वायरीत, बटणाच्या पत्र्यात, आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये. ऐकायला दोन व्होल्ट थोडे वाटतात. पण फिलॅमेंटच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, साधारण साडेतीनाव्या घाताने घटतो. हिशेब केला तर माझा दिवा त्याच्या हक्काच्या उजेडापैकी साठ टक्क्यांच्या आसपासच देत होता. इतके दिवस मी जो रस्ता पाहत होते तो इतका अपुरा उजळलेला होता, हे आकड्यात दिसल्यावर मला राग आला आणि आनंदही झाला. राग साहजिक होता. आनंद यासाठी की जे मोजता येतं ते दुरुस्त करता येतं.

चाचांनी अर्थिंगची एक खूण सांगितली ती इथे मुद्दाम लिहिते. डिपर चालू असताना मीटरमधला अप्परचा निळा दिवा मंदसा चमकत असेल, तर दोन्ही दिव्यांची सामाईक अर्थ सैल किंवा गंजलेली आहे असा संशय घ्यावा. डिपरमधून आलेल्या प्रवाहाला जमिनीची वाट नीट मिळत नाही, म्हणून त्यातला थोडा अप्परच्या बल्बातून उलटा जाऊन त्या निळ्या दिव्यातून वाट काढतो. माझ्या मीटरवर ती चमक होती. मी तिला दिव्याचं प्रतिबिंब समजत होते.

सामान मी आणलं. रीले, फ्यूजचा होल्डर आणि बल्बाच्या मापाचे नर-मादी सॉकेट नाना पेठेतून. डायोड, उष्णतेने आवळणाऱ्या नळ्या आणि एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर तपकीर गल्लीतून. सॉकेट घेण्यामागे माझा हट्ट होता: गाडीची मूळ वायर एकही कापायची नाही. नवी जोडणी मूळ सॉकेटमध्ये खोचायची, आणि उद्या काढायची झाली तर खुणेशिवाय निघाली पाहिजे. चाचांना हे पटलं. "कापलेली वायर पुन्हा आईच्या पोटातली होत नाही," ते म्हणाले.

आता खरी गंमत, म्हणजे जोडणी. रीले हा विजेवर चालणारा स्विच. त्याच्या एका बाजूला कॉइल असते, जिला अगदी थोडा प्रवाह लागतो, ०.१५ अँपिअरच्या आसपास. दुसऱ्या बाजूला जाड पत्रे असतात, जे बल्बाचा पूर्ण प्रवाह सहज वाहतात. आम्ही दोन रीले घेतले. बॅटरीपासून दीड एमएमची नवी वायर पुढे आणली, बॅटरीजवळच १० अँपिअरचा फ्यूज घातला. ही वायर दोन्ही रीलेंच्या ३० नंबरच्या पायाला. ८७ नंबरच्या पायातून एक वायर डाव्या बल्बाला, एक उजव्याला. डिपरची मूळ वायर पहिल्या रीलेच्या कॉइलला, अप्परची मूळ वायर दुसऱ्याच्या. हँडलवरच्या बटणावर आता फक्त कॉइलचं ओझं राहिलं.

एवढ्याने उजेड वाढतो, पण अप्पर लावल्यावर डिपर अजूनही विझणारच. त्यासाठी अप्परच्या वायरीतून पहिल्या रीलेच्या कॉइलकडे एक फांदी काढायची. नुसती वायर जोडली तर ती वायरी पिळण्यासारखीच झाली: डिपर लावला की त्याच फांदीतून प्रवाह उलटा जाऊन अप्परचाही रीले ओढणार. म्हणून त्या फांदीत डायोड, पट्टीची बाजू पहिल्या रीलेकडे करून. अप्परकडून डिपरकडे वाट मोकळी, डिपरकडून अप्परकडे बंद. दोन-तीन रुपयांचा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, १एन४००७ हा काळा डायोड. तो एक अँपिअर झेपवतो आणि इथे त्याला त्याचा जेमतेम सहावा हिस्सा वाहायचा. बारावीच्या वर्गात मी दरवर्षी फळ्यावर त्याचं चिन्ह काढते. बाण, त्याच्या टोकाला उभी रेघ. मुलं विचारतात, मॅडम, हे कुठे वापरतात? चार्जरमध्ये, असं मी सांगत आले. आता मी त्यांना गाडीजवळ नेते.

चाचांनी प्रत्येक सांध्याला डाग दिला, वर नळी चढवून लायटरच्या आचेवर आवळली. अर्थिंगचा बोल्ट काढून पॉलिश पेपरने चकचकीत केला. रीले पाय खाली करून बसवले, म्हणजे पाणी शिरलं तरी साचणार नाही. फायबर लावण्याआधी पुन्हा मोजलं: बॅटरीवर १४.१ असताना होल्डरवर १३.७. बटण अप्परवर सरकवलं. दोन्ही रीलेंची टक् टक् ऐकू आली आणि समोरच्या शटरवर दोन्ही दिवे एकदम पडले. चाचांनी शेजारच्या चहावाल्यालाही बोलावून दाखवलं.

काम तिथे संपत नाही. उजेड वाढला की दिव्याचा रोख पुन्हा बसवायलाच हवा. आधी मंद होता म्हणून चालून गेलेला तिरकेपणा आता समोरच्याला टोचतो. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या भिंतीवर मी दिव्याच्या मध्याच्या उंचीवर टेप चिकटवली, गाडी पाच मीटर मागे घेतली, आणि नवरा सीटवर बसलेला असताना डिपरची वरची कड टेपच्या खाली येईल असा स्क्रू फिरवला. माणूस बसल्याशिवाय हे करण्यात अर्थ नाही, कारण बसल्यावर मागचा शॉक दबतो आणि दिवा वर उचलला जातो.

दुसरी शंका बॅटरीची होती. पूर्वी एका वेळी एकच दिवा जळायचा. आता अप्परवर पस्तीस वॅट जास्त. इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या मॅग्नेटला हे झेपतं का? व्होल्टमीटर आणला होता तो यासाठीच. तो हँडलपाशी बसवून मी घाट चढले, उतरले. चालत्या गाडीत दोन्ही दिव्यांवर आकडा १३.८ च्या खाली गेला नाही, उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरीही. गाडी उभी करून इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं तेव्हा मात्र १२.६ पर्यंत उतरला, म्हणजे बॅटरीतून जायला लागलं. म्हणून थांबले की डिपरवर यायचं. तसंही उभ्या गाडीचा अप्पर कोणाला हवा आहे?

आणि घाट? तो आता मला पूर्ण दिसतो. वळणाच्या तोंडाशी खडी दिसते, त्याच वेळी वळणाच्या शेवटी पांढरा रंग दिलेला कठडा दिसतो, आणि मधे कुठे कुत्रं बसलं असेल तर त्याचे डोळे चमकतात. समोरून दिवा दिसला की अंगठा खाली, एकच दिवा, खाली वाकलेला. ती गाडी गेली की अंगठा वर. चाळा संपला, निवड उरली.

कॉलेजात हे कळल्यावर आमच्या मराठीच्या मॅडमनी त्यांच्या जुन्या गाडीलाही असंच करून द्या म्हणून धरलं. त्यांची गाडी २०१७ च्या आधीची, इंजिनसोबत दिवा आपोआप लागायचा नियम येण्यापूर्वीची. एकच बल्ब, दोन फिलॅमेंट. म्हणजे दोन्ही एकदम हा प्रश्नच मिटला. त्यांचा दिवा बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या एसीवर चालतो, म्हणून गाडी हळू झाली की मंदावतो. त्या वायरीला साधा रीले जोडला तर तो नुसता थरथरत राहील. आधी मॅग्नेटची कॉइल अर्थपासून सोडवायची, फुल वेव्ह रेग्युलेटर घालायचा, दिवा बॅटरीवर आणायचा आणि मग एक रीले. चाचा म्हणाले, कॉइल उघडून बघितल्याशिवाय शब्द देणार नाही. रविवारी सकाळी त्यांच्याकडे गाडी घेऊन जायचं ठरलं आहे. तोवर मॅडमच्या गाडीचा अर्थिंगचा बोल्ट मी स्टाफरूमच्या मागे घासून दिला आहे.