आधी मळ ओळखावा

बंदूक साफ करायला कोणतं रसायन चांगलं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: बंदूक कोणती, आणि नळीत मळ कशाचा? हे कळल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडू नये. त्याच्याही आधी चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करायची, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या. या क्रमात माझ्याकडे कुणालाच सूट नाही.

कोकणातून पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेल्या ठासणीच्या बंदुका येतात. काळ्या दारूत मुख्य भाग सोऱ्याचा. बाकी कोळसा आणि गंधक. ती जळाल्यावर निम्म्याहून अधिक वजन घन रूपात उरतं. त्यातला बराचसा भाग धुरासोबत उडतो, उरलेला नळीला चिकटतो. त्यातले क्षार हवेतली ओल ओढून घेतात, आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा? मालक बिचारा वरून तेल सोडतो. पण क्षार तेलात विरघळत नाहीत. तेलाखाली गंज निवांत वाढतो. इथं औषध एकच, साबणाचं गरम पाणी. लोखंडावर पाणी म्हटलं की मालकाचा चेहरा उतरतो. मग मी त्याला समोरच बसवतो. गजाला चिंधी गुंडाळून आत-बाहेर केली की केप बसते त्या बारीक छिद्रातून काळं पाणी उडतं, कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा वास सुटतो. पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं, कोरड्या चिंध्या फिरवायच्या. गरम पाण्यानं नळी तापलेली असते, म्हणून उरलीसुरली ओलही लवकर उडते. तेलाची पाळी त्यानंतर.

मोठ्या काडतुसाच्या रायफलीत तांब्याचा थर बसतो. त्यावर अमोनिया असलेलं द्रावण चालतं आणि चिंधी निळी-हिरवी होऊन येते. पण गजाचं टोक पितळी असेल तर अमोनिया त्यातलंही तांबं खातो. नळी केव्हाच स्वच्छ झालेली असते, चिंधी मात्र निळीच येत राहते आणि माणूस घासतच बसतो. अशा वेळी टोक प्लास्टिकचं घ्यावं, द्रावण बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतंच ठेवावं, रात्रभर तर कधीच नाही.

पॅरिस ऑलिंपिकला 2024 साली नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक आणलं, ते 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये. त्या .22च्या नळीत शिसं, मेण आणि काजळी असते. सौम्य द्रावक आणि धीर एवढं तिथं पुरतं. पण बहुतेक मुलांच्या हाती पहिल्यांदा येते ती 10 मीटरची एअर रायफल, आणि तिचा न्याय वेगळा. तिच्या सिलिंडरमध्ये साधारण 200 बार दाबाची हवा असते. अशा ठिकाणी खनिज तेल गेलं, तर हवा एकदम दाबली जाताना तापून ते तेल पेटू शकतं. म्हणून तिच्या सीलला कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच लावायचं, आणि नळीतून नमद्याच्या कोरड्या गोळ्या काढायच्या.

आता माणसाबद्दल, कारण माझ्या लेखी त्याची किंमत रायफलीहून मोठी. पेट्रोलनं बंदूक धुणारे अजून भेटतात. पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडतं, शिवाय त्यातल्या बेंझिननं कॅन्सर होतो. रॉकेल आणि टर्पेंटाइन त्या मानानं बरे, पण तेही तिशी-चाळिशीच्या तापमानात पेटण्याजोगे होतात. विदर्भातल्या मे महिन्यात त्यांनाही जपूनच राहावं. जुन्या पुस्तकांत सुचवलेलं कार्बन टेट्राक्लोराइड यकृत खराब करतं, ते घरात आणूच नये. खिडक्या उघड्या, हातात नायट्रिलचे मोजे, जवळपास चहाचा कप नाही. नळीतल्या काजळीत शिसं असतं आणि मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. त्यामुळे साफसफाई स्वयंपाकघरातल्या ओट्यावर करू नये आणि उठल्याबरोबर साबणानं हात धुवावेत. दस्त्याला अळशीचं तेल लावलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावीत.

वंगण निवडणं त्यामानानं सोपं, ते कमी लावणंच लोकांना जड जातं. खोबरेल नको: पुण्याच्या थंडीत ते बाटलीतच गोठतं, बोल्टच्या खाचेतही गोठणार. शिवाय पुढं ते खवट आणि चिकट होतं. डब्ल्यूडी-40 ओल हटवायला छान, टिकाऊ वंगण म्हणून नव्हे. शिलाई मशीनचं पातळ तेल बऱ्याच ठिकाणी चालतं. बोल्टच्या घासणाऱ्या जागी एक थेंब, बोटानं पसरून, वर कोरडं फडकं. चापाच्या यंत्रणेत तेल ओतायचं नाही. त्यावर धूळ बसून लगदा होतो. दस्त्यात मुरलेलं तेल अक्रोडाचं लाकूडही मऊ करतं. नेमबाजीआधी नळीतून कोरडी चिंधी काढावी, नाहीतर पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांची नजर सगळ्यात जहाल बाटलीकडे आधी जाते. मी त्यांना सगळ्यात सौम्य बाटलीपासून सुरुवात करायला लावतो. तिनं मळ निघाला नाही तरच पुढची. आणि ती उघडण्याआधी ती धातूला, लाकडाला, सीलला आणि आपल्या फुप्फुसांना काय करेल, हे मला सांगायचं. ज्याला हे सांगता येतं, त्याच्या हाती मी दुसऱ्याची बंदूक निर्धास्त देतो.