विचारलंय काय?

माझी मावसबहीण किर्गिझस्तानातून एमबीबीएस करून आली. परदेशातून शिकून आलेल्यांना इथं डॉक्टर म्हणून नोंदणी हवी असेल तर एफएमजीई पास व्हावं लागतं. ३०० प्रश्न, पासिंगला १५० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं वाटतं. तिचा पहिला प्रयत्न सात मार्कांनी गेला. तिच्या शिक्षणासाठी काकांनी दीड एकर विकलंय, त्यामुळे घरात या विषयावर कुणी बोलत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्यात कोड अडला की टेबलावरच्या रबरी बदकाला तो ओळीओळीनं समजावून सांगायची पद्धत आहे. सांगता सांगता चूक आपलीच आपल्याला दिसते. रोज रात्री साडेदहाला मी तिचं बदक होतो. मी प्रश्न वाचतो, ती उत्तरामागचा विचार मोठ्यानं बोलते.

माहीत नसल्यामुळे चुकलेले प्रश्न थोडेच निघाले. बाकीचे सगळं माहीत असून चुकलेले. एक घ्या: अपघातातला बाइकस्वार, बीपी पडलेलं, छातीत एका बाजूला श्वासाचा आवाज नाही, श्वासनलिका दुसऱ्या बाजूला सरकलेली. पुढची पायरी कोणती? तिनं टेन्शन न्यूमोथोरॅक्स लगेच ओळखलं आणि पर्याय निवडला छातीचा एक्स-रे.

"खात्री नको करायला, दादा?"

मग स्वतःच गप्प झाली. एक्स-रे होईपर्यंत पेशंट जाईल. आधी सुई घालून हवा बाहेर काढायची.

दुसरा सापळा ओळखीच्या शब्दाचा. पोटात उजवीकडे खाली दुखतंय, की अपेंडिक्स! त्याच वाक्यात, मध्येच, पाळी दोन आठवडे लांबल्याचं लिहिलेलं असतं. म्हणजे प्रेग्नन्सी टेस्ट आधी. क्लासच्या नोट्स 'हा शब्द म्हणजे हा आजार' असं घोकून घेतात. माझ्या मते निम्मं नुकसान तिथंच होतं.

टक्केवारीचा सापळा मात्र माझ्या ओळखीचा. आजार हजारात एकाला, टेस्ट निरोगी माणसालाही ५ टक्के वेळा पॉझिटिव्ह दाखवते. मग पॉझिटिव्ह आलेला खरंच आजारी असण्याची शक्यता किती? १९७८ साली हार्वर्डच्या वैद्यकीय विश्वातल्या ६० जणांना हे विचारलं होतं. सर्वाधिक आलेलं उत्तर होतं ९५ टक्के. बरोबर आले फक्त ११ जण. हजारांत खरा आजारी एक, उगीच पॉझिटिव्ह साधारण पन्नास, म्हणजे शक्यता जेमतेम २ टक्के. रात्री तीनला सर्व्हरचे खोटे अलर्ट झेललेल्या कुणालाही हे पटेल. तिलाही अलर्टचंच उदाहरण दिल्यावर पटलं.

हल्ली मी केस वाचायला लागलो की ती थांबवते. "शेवटची ओळ आधी वाच. विचारलंय काय?"

फॉर्म भरून झालाय. काकांना अजून सांगितलेलं नाही.