विद्यार्थ्याचे माहेर

सासुरवाशिणीच्या माहेराविषयी मराठीत जेवढे गाइले गेले आहे, तेवढे दुसऱ्या कुठल्याही घराविषयी गाइले गेले नसेल. जात्यावरच्या ओव्या घ्या, भोंडल्याची गाणी घ्या, नाही तर पंचमीचे झोके घ्या; माहेर आल्यावाचून गाणे काही पुरे होत नाही. आता हे माहेर म्हणजे राजवाडा असायचा असे थोडेच आहे? पुष्कळदा ते दोन खणांचे घरच असे, आणि तिथेही भाकरी मोजूनच थापली जाई. पण ‘मला तिथे सोसवत नाही’ हे एक वाक्य उच्चारायला जगात तेवढी एक जागा होती, आणि त्या जागेची किल्ली सासरच्या माणसांच्या कनवटीला नव्हती. माहेराचा सारा मोठेपणा या एका गोष्टीत आहे.

असेच एक माहेर विद्यार्थ्यालाही हवे, असे मला पुष्कळ वर्षांपासून वाटत आले आहे.

तुम्ही म्हणाल, ‘विद्यार्थ्याला घर असते की!’ असते ना. पण ज्या घराने कर्ज काढून पोराला वसतिगृहात पाठवलेले असते, ज्या आईने शेजारीपाजारी पेढे वाटलेले असतात, त्या घरात ‘मला तिथे छळतात’ हे वाक्य तोंडातून फुटता फुटत नाही. सासरचे दुःख मुलगी कधी कधी आईपासूनच लपवी, ते काही प्रेम कमी म्हणून नव्हे. पोरांचेही तसेच असते. फोनवर विचारावे, तर ‘मजेत आहे’ म्हणतात आणि लगेच विषय बदलतात.

आणि शाळा-कॉलेज? एकतीस वर्षे मी मास्तरकी केली आहे. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बसून तिथल्या माणसांना नावे ठेवण्याइतकी कृतघ्न मी होणार नाही. तिथे फार चांगली माणसे असतात. परंतु त्या खोलीत आणखी एक प्राणी कायमचा बसलेला असतो. त्याचे नाव ‘संस्थेचे नाव’. कुणी मुलगी रडत येऊन काही सांगू लागली, की हा प्राणी आधी दचकतो. मग हळूच एक सूर निघतो, ‘पुढच्या महिन्यात तपासणी आहे, आत्ता नको.’ दुसरा सूर निघतो, ‘मुलेच ती, मस्करी करायचीच.’ आणि तिसरा, सगळ्यांत समजूतदार सूर म्हणतो, ‘घरचे उणेदुणे चव्हाट्यावर कशाला?’ या तिघांपैकी एकही माणूस दुष्ट नसतो. पण तिघांचीही मिठाची बरणी एकाच स्वयंपाकघरात असते. म्हणूनच सांगणाऱ्याला उंबरठ्यापलीकडचे माणूस लागते.

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा परगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गेला, त्या वर्षीची गोष्ट. दिवाळीला आला तेव्हा फराळाचे ताट घेऊन माझ्याकडे उतरला आणि चकली मोडता मोडता आपण होऊन सांगू लागला. वसतिगृहातल्या वरच्या वर्गातल्या काही मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्याला आडनाव विचारले. आडनावावरून जात काढली, आणि जातीवरून त्याची हुशारी किती ते ठरवून टाकले. मग रोज रात्री उभे करणे, कपडे धुवायला लावणे, सगळ्यांसमोर जातीवरून बोलणे, कधी थपडा. दोन महिने हे चालले. त्याने ना आईला सांगितले, ना रेक्टरला.

हे ओळखले कुणी? कॉलेजच्या फाटकाबाहेर खाणावळ चालवणाऱ्या मावशींनी. हा मुलगा रोज सगळी पंगत उठून गेल्यावर, भांडी घासायला काढल्यावर येतो, हे त्यांनी हेरले. त्यांनी ‘तुला काय झाले?’ असे विचारले नाही. वाढता वाढता एवढेच म्हणाल्या, ‘बाळा, गरम पोळी सोडून तू गार पोळीच्या वेळेला का रे येतोस?’ पोरगा त्या पोळीवरच रडला.

मावशींना कायदा ठाऊक नव्हता. पण त्यांच्याकडून डबा जात असे असे एक निवृत्त वकीलसाहेब त्यांना ठाऊक होते. वकीलसाहेबांनी मुलाला समोर बसवून कुठल्या दिवशी काय झाले, कोण होते, कुणी पाहिले, हे सारे त्याच्याच हाताने लिहून काढले. मग त्याला दोन कायदे समजावून सांगितले. एक १९९९चा महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा. त्याप्रमाणे तक्रार लेखी आली, की संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची. तथ्य दिसले तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे धाडायची. हे केले नाही, तर त्या प्रमुखालाच गुन्ह्याला मदत केल्याचा दोष लागतो. दुसरा १९८९चा अत्याचार प्रतिबंध कायदा. २०१५च्या दुरुस्तीने त्यात एक मोठी मोलाची गोष्ट आली आहे: अत्याचारग्रस्ताला स्वयंसेवी संस्थेची, समाजकार्यकर्त्याची किंवा वकिलाची मदत घेण्याचा हक्क आहे. ती दया नव्हे, हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत मुलगा एकटा गेला नाही. सोबत पांढऱ्या केसांचा एक माणूस होता, एवढाच काय तो फरक. पण त्या एका फरकाने संस्थेच्या नावाचा तो प्राणी खुर्चीवरून उठून बाजूला झाला. चौकशी झाली, तीन मुले निलंबित झाली, कागद पोलिसांकडे गेले. ‘आता सगळे छान आहे का रे?’ असे मी विचारले तेव्हा तो खरे बोलला. ‘छान नाही, आजी. जिन्यात पावले वाजली की अजून छातीत धडधडते. पण शिकतोय.’ आणि थोडे थांबून म्हणाला, ‘मावशी त्या कॉलेजच्या कुणीच नव्हत्या ना, म्हणून त्यांना सांगता आले.’

त्याचे ते वाक्य मी मनात जपून ठेवले आहे. कारण हे काही आजचे सत्य नव्हे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला गुरुजींनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुले ते उचलायला धावली होती. त्या शाळेने त्याला आत घेतले होते खरे. पण त्याच्या पाठीवर हात ठेवायला माणूस भेटला तो चर्नी रोडच्या बागेत. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे दुसऱ्याच शाळेतले शिक्षक. बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी पाहिला आणि त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. तो मॅट्रिक झाल्यावर सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हातात दिले, आणि पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. केळुसकर गुरुजींचे त्या मुलाशी नाते काय? काहीच नाही. म्हणून तर ते त्याला उपयोगी पडले.

पुढे कायद्यानेही हे शहाणपण ओळखले, याचे मला राहून राहून नवल वाटते. १९९७ साली विशाखा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समित्या नेमायला सांगितले, तेव्हा त्यात एक बाहेरचा सदस्य असावा अशी अट घातली. वरून दडपण आले तर कुणी तरी न दबणारे हवे म्हणून. २०१३च्या कायद्यात ती अट कायम राहिली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांनी महाविद्यालयातल्या विद्यार्थिनींनाही अशा समितीपुढे जाण्याचा मार्ग नेमून दिला. मुंबईत तर १९८४ सालीच टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला होता. खाकी कपड्यांच्या त्या गर्दीत साध्या वेशातली एक समाजकार्यकर्ती बसलेली दिसणे म्हणजे काय, हे तिथे भीत भीत गेलेल्या बाईलाच विचारावे.

त्याच संस्थेतून १९९६ साली मुलांसाठी एक दूरध्वनी सेवा निघाली. तिचा क्रमांक १०९८. पण ‘एक हजार अठ्ठ्याण्णव’ असे कुणी म्हणत नाही. ‘दस, नौ, आठ’ असे म्हणायचे, म्हणजे अक्षरशत्रू पोरालाही तो विसरता येत नाही. आता ही सेवा सरकारमार्फत चालते. महाविद्यालयातल्या रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे. २००९च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीने दगावला. त्या दुःखानंतर त्याच वर्षी ही सेवा सुरू झाली. मन खचले असेल तर १४४१६ आहे. आणि १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाची माणसे भेटतात: स्त्रिया, मुले, आणि अनुसूचित जाती-जमातींची माणसे यांना, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो.

मात्र क्रमांक म्हणजे माहेर नव्हे. क्रमांक हा माहेरचा रस्ता. त्या रस्त्याने पोरासोबत चालणारे कुणी तरी लागते, आणि ते काम तुमच्या-माझ्यासारख्यांचे आहे. त्याला पदवी लागत नाही. ऐकून घ्यावे, मध्ये बोलू नये, ‘तू काय केले होतेस?’ हा प्रश्न गिळून टाकावा. तारखा लिहायला सांगाव्यात, फोनवर आलेले घाणेरडे निरोप पुसू देऊ नयेत. एक वचन मात्र देऊ नये: ‘कुणाला सांगणार नाही.’ अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. तेव्हा ‘ज्यांना सांगावे लागेल त्यांनाच सांगेन, आणि तेव्हा मी तुझ्याशेजारी बसलेली असेन’, हे वचन द्यावे. त्याच कायद्यात मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने घ्यावा असे म्हटले आहे, आणि मुलाचे नाव बाहेर फुटू द्यायचे नाही, हेही. घाबरलेल्या आईबापांना एवढे सांगितले, तरी त्यांचा जीव थोडा खाली पडतो. पोर सज्ञान असेल, तर निर्णय त्याचा. आपण सोबत जायचे, पुढे पळायचे नाही.

काही शाळांना हे आवडत नाही. बाहेरचा माणूस आला म्हणजे शाळेची अब्रू गेली असे त्यांना वाटते. पण मुलीला माहेर असले म्हणून सासर का मोडते? उलट पाठीशी कुणी आहे हे दिसले, की सासरची माणसेही जपून बोलतात. ज्या शाळेच्या दारावर हे क्रमांक ठळक अक्षरांत लावलेले असतात, तिथे ते फिरवण्याची पाळी कमी येत असावी, असा माझा आपला अनुभव आहे.

या आठवड्यात घरोघरी वसतिगृहातली मुले आली असतील. चार दिवसांनी डबे भरून ती परत निघतील. चिवडा वर, लाडू खाली, चकल्या मोडू नयेत म्हणून मध्ये कागद. तेवढ्यात त्यांच्याशी दोन शब्द बोलून घ्या. मार्कांविषयी नकोत, ते काय, कळतीलच. विचारा, ‘तिथे, फाटकाबाहेर, तुझे असे कोण आहे रे?’ उत्तर पटकन आले तर डब्याचे झाकण निश्चिंत मनाने लावा. नाही आले, तर त्या मधल्या कागदावर दोन-तीन क्रमांक लिहा, आणि त्यांच्या वर तुमचे स्वतःचे नाव.

लाडू संपतील, पण कागद राहील.