मारायचं नाही, मग पुढे काय?



माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिकडे बॅजर मारण्याविरुद्ध मोहीम चालते, त्यात ती आहे. तिने मला बरंच वाचायला पाठवलं. बॅजर म्हणजे तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेला, बिळात राहणारा आणि रात्री गांडुळं शोधत फिरणारा प्राणी. गाईंचा क्षय त्यालाही होतो आणि त्याच्याकडून परत गाईंना होऊ शकतो. १९७१ मध्ये ग्लुस्टरशायरमध्ये क्षय झालेला बॅजर सापडला, तेव्हापासून वाद चालू आहे.

१९९८ ते २००५ या काळात त्यांनी प्रयोग म्हणून सुमारे ११ हजार बॅजर मारले. २००७ साली शास्त्रज्ञांचा अहवाल आला. जिथे मारले तिथे गाईंचा क्षय काहीसा घटला, पण हद्दीबाहेरच्या गोठ्यांत वाढला. घरं मोडल्यावर उरलेले बॅजर भटकू लागले आणि रोगही सोबत घेऊन गेले. तरीही २०१३ पासून पुन्हा परवाने दिले आणि दोन लाखांहून जास्त जीव गेले. आता बॅजरना लस देण्याकडे कल आहे. लस कोणती? आपल्या बाळांना टोचतात तीच बीसीजी!

पण भाचीला मी एक विचारलं. बॅजर वाचले, गाईंचं काय? तपासणीत सापडलेली गाय तिथे कत्तलीला जाते, दरवर्षी वीस हजारांहून जास्त. २००७ मध्ये वेल्समधल्या स्कंद वेल या हिंदू मठातला शंभो नावाचा बैल तपासणीत सापडला. मठवासी त्याला वेगळा ठेवायला तयार होते, कोर्टातही गेले. शेवटी २६ जुलैला त्याला मारलंच.

आपल्याकडे तसं होत नाही. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गाय आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैलही वाचला. श्रावकाने संकल्पी हिंसा सोडायची, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. पण क्षयाची गाय जिवंत राहते तेव्हा ती श्वास घेते, खोकते, शेजारणीच्या गव्हाणीत तोंड घालते. वासरू तिचंच दूध पितं. पांजरापोळात म्हाताऱ्या, आजारी, टाकलेल्या गाई दाटीवाटीने येतात. त्यांच्यात राबणारा माणूस आणि त्याची पोरंही पंचेंद्रिय जीवच ना?

आपल्या घरात दूध उकळल्याशिवाय वापरत नाहीत, हे फार मोठं संरक्षण आहे. द्विदल टाळायचं म्हणून आपण कढीचं ताकसुद्धा आधी गरम करतो. सासूबाईंनी तो नियम क्षयासाठी शिकवला नव्हता, पण मला तो आता आणखी पटतो. मात्र उकळणं आपल्या स्वयंपाकघरापुरतं. गोठ्यातल्या हवेला कोण उकळणार?

गाईची तपासणी तशी साधी असते. डॉक्टर मानेच्या कातडीत थोडं औषध टोचतात आणि ७२ तासांनी तिथली सूज मोजतात. ज्या गाईला क्षय आहे असं दिसतं तिला वेगळा गोठा, वेगळं पाणी, वेगळा गडी. खर्च इथे येतो. मी कॉमर्सची असल्यामुळे जीवदयेच्या पावतीपलीकडचा हिशेबही बघते. ज्या पांजरापोळाला आमचं मंडळ पैसे पाठवतं, त्यांचा वर्षाचा खर्च मागवला. चारा, पेंड, मजुरी, पत्र्याची दुरुस्ती. तपासणीखाली काहीच नाही, आणि आजाऱ्यांसाठी वेगळा गोठाही नाही. दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी मात्र झाली होती. (रागावू नका, त्या पाटीवर आमच्याही घरचं नाव आहे.)

आपण जयणा हा शब्द दिवा लावताना, पाणी गाळताना, भाजी निवडताना वापरतो. मला वाटतं, गाय मारायची नाही असं ठरवलं की तिथून जयणेचं काम सुरू होतं, आणि ते चाऱ्याच्या गाडीपेक्षा महाग पडतं. इंग्लंडवाल्यांनी मारून प्रश्न सोडवू पाहिला. आपण मारत नाही, पण मोजतही नाही. मला दोन्ही पटत नाही.

या पर्युषणात आमच्या मंडळात मी सुचवलं की जीवदयेच्या रकमेतला ठरावीक भाग तपासणी आणि वेगळ्या गोठ्यासाठी, वेगळ्या खात्यावर लिहायचा. चौघींनी लगेच हात वर केले. एकीने विचारलं, "पण पावती कशाची लिहायची? गायीला घास घातल्यासारखं वाटणार नाही हो त्यात." तिचं म्हणणं अगदी खरं आहे. तपासणीच्या पावतीवर काय लिहावं म्हणजे बायका आनंदाने पैसे देतील, ते तुम्हाला सुचलं तर मला सांगा. चातुर्मास संपला की खजिनदारांशी बोलायचं आहे.